नाव खोडलं, पीक उभंच

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

"पुसल्यानंतर त्यावर काय काय टाकलंत, काका?" संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या तरुणाने मला पहिला प्रश्न हा विचारला. डिस्क कुठल्या कंपनीची, किती जुनी, हे त्याने नंतर विचारलं.

ही २००७ सालची गोष्ट आहे. माझ्या घरच्या संगणकात वडिलांच्या आवाजातल्या पाच फाइली होत्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि नदीकाठचं पुणं पाण्यात बुडालं. त्या दिवसाची आमच्या घराची हकिकत वडिलांनी आजारी पडण्याआधी, सवडीने, पाच बैठकांत सांगितली होती. पुढे वडील गेले. संगणक फार हळू चालतो म्हणून माझ्या पुतण्याने एका रविवारी तो 'साफ' करून दिला. त्यात विंडोज नव्याने घातलं आणि काकांना आवडतात म्हणून जुन्या सिनेमांची शंभरेक गाणीही भरली. त्याच्या मनात प्रेमच होतं. फाइलींची आठवण मला आठवड्याने झाली.

मी हे सगळं सांगितल्यावर तो तरुण म्हणाला, "साफ केलं ते ठीक आहे. गाणी भरायला नको होती."

मला तेव्हा हे उलटंच वाटलं. नुकसान साफ करण्याने झालं, गाण्यांनी काय होणार? पण त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते का बरोबर होतं हे समजून घेता घेता मी एका वेगळ्याच इतिहासात शिरलो. हरवलेली माहिती परत मिळवण्याचा हा इतिहास. त्यात एक कोसळलेलं अंतराळयान आहे, चंद्रावरून आलेल्या दोन प्रकारच्या फिती आहेत आणि एक जुनी प्रार्थनेची पोथी आहे. आज तो थोडक्यात सांगतो.

सुरुवात डिस्कपासून करू. संगणकातली पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखालच्या मंडळींनी ती घडवली. आज खिशात मावणाऱ्या वस्तूशी तिचं काहीच साम्य नव्हतं. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर बसवलेल्या, आणि सगळं मिळून वजन एक टनाहून जास्त. इतक्या पसाऱ्यात अक्षरं मावत ५० लाख. म्हणजे आजच्या फोनने काढलेले एक-दोन फोटो त्यात जेमतेम बसले असते. तबकडीवर लेप होता तो लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या गंजाच्याच जातीचा.

या लेपातले कण म्हणजे बारीक बारीक लोहचुंबक. तबकडी फिरत असते आणि तिच्या अगदी जवळून एक टोक फिरतं. त्याला हेड म्हणतात. हेड त्या कणांच्या छोट्या छोट्या घोळक्यांची दिशा बदलतं. एकीकडे तोंड म्हणजे शून्य आणि दुसरीकडे तोंड म्हणजे एक, असं सोयीसाठी समजा. तुमचं पत्र, तुमचा फोटो, तुमच्या आईचा आवाज, सगळं शेवटी या 'तोंड इकडे, तोंड तिकडे' भाषेत लिहिलेलं असतं. हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर पुढे कमी होत होत काही नॅनोमीटरवर आलं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. त्यामुळे धुराचा एखादा कण किंवा बोटाचा ठसासुद्धा डिस्कच्या दृष्टीने डोंगर असतो. म्हणूनच डिस्कची डबी घट्ट बंद असते आणि ती घरी उघडू नये असं सांगतात.

आता पुसणं म्हणजे काय ते पाहू. आपण फाइल 'डिलीट' करतो तेव्हा संगणक तबकडीवरचे ते लाखो कण पुन्हा सरळ करत बसत नाही. त्याला वेळ लागेल आणि गरजही नसते. डिस्कवर एका जागी यादी असते. अमुक नावाची फाइल अमुक ठिकाणी सुरू होते, असं तिच्यात लिहिलेलं असतं. डिलीट म्हटलं की यादीतली नोंद रद्द होते आणि ती जागा मोकळी असल्याचं लिहिलं जातं. बस्स.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सातबाऱ्याचं देता येईल. तलाठ्याने उताऱ्यावरचं तुमचं नाव खोडलं म्हणून शेतातली ज्वारी आडवी होत नाही. कागदावर जमीन तुमची राहिली नाही इतकंच. पीक उभंच असतं. बांधावर जाऊन पाहिलं तर दिसतं. पण उद्या नवा मालक येतो, नांगर घालतो आणि स्वतःचं बी पेरतो. मग मात्र तुमच्या ज्वारीचं काही खरं नाही. माझ्या पुतण्याने डिस्क साफ केली तेव्हा उताऱ्यावरचं नाव खोडलं गेलं होतं. विंडोज परत घातलं तेव्हा शेताच्या एका कोपऱ्यात नांगर फिरला. आणि गाणी भरली तेव्हा तो आणखी आत आला. त्या तरुणाच्या प्रश्नाचा अर्थ हाच होता की नांगर कुठवर गेला आहे.

हे पुसणं किती वरवरचं असतं, याची जुन्या डॉस पद्धतीतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. डॉसमध्ये फाइल पुसली की यादीतल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर काढून तिथे एक खूण टाकली जाई. बाकीचं नाव तसंच राही. अमेरिकेतल्या पीटर नॉर्टन नावाच्या प्रोग्रॅमरच्या हातून एकदा एक फाइल अशीच पुसली गेली. ती परत आणण्यासाठी त्याने एक प्रोग्रॅम लिहिला. १९८२मध्ये तो इतर काही उपयोगी प्रोग्रॅमांबरोबर विक्रीला आला आणि पुढे नॉर्टन हे नाव संगणकवाल्यांच्या घराघरांत पोचलं. हा प्रोग्रॅम तुमची फाइल शोधून काढी आणि मग तुम्हालाच विचारी की नावाचं पहिलं अक्षर काय होतं? तेवढं एक अक्षर खरोखर गेलेलं असे. १९९१मध्ये डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ही सोय आतच आली, आणि विंडोज ९५मध्ये रिसायकल बिनची टोपली आली. टोपली म्हणजे तर नाव खोडायच्या आधीची पायरी, कागद नुसता बाजूला सरकवून ठेवणं.

इथवर ज्या डिस्कचं बोललो ती धडधाकट होती. पण डिस्कच मोडली, जळली, उंचावरून पडली तर? त्याचं उत्तर देणारी घटना आपल्या सगळ्यांच्या आठवणीतली आहे.

१ फेब्रुवारी २००३. कोलंबिया हे अंतराळयान सोळा दिवसांच्या मोहिमेनंतर परतत होतं. आत सात जण होते. त्यांतली एक कर्नालची कल्पना चावला. हीच कोलंबिया तिला १९९७मध्ये पहिल्यांदा अंतराळात घेऊन गेली होती. टेक्सासच्या आकाशात, जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटर उंचीवर, यान फुटलं. सातही जण गेले. त्या दिवशी आपल्याकडे शनिवार होता आणि संध्याकाळी घराघरांत लोक दूरदर्शनसमोर सुन्न होऊन बसले होते, हे अनेकांना आठवत असेल.

यानाचे ८० हजारांहून अधिक तुकडे टेक्सास आणि लुइझियानाच्या शेतांतून आणि जंगलांतून गोळा करण्यात आले. इस्रायलचे अंतराळवीर इलान रॅमॉन यांच्या रोजनिशीची काही पानंही मोकळ्या रानात सापडली. जेरुसलेममधल्या तज्ज्ञांनी ती पुन्हा वाचण्याजोगी केली आणि २००८मध्ये त्यांतली काही प्रदर्शनात मांडली. पण मला सांगायचं आहे ते एका डिस्कबद्दल.

यानात झेनॉन वायूवर एक प्रयोग चालू होता. झेनॉन हा अगदी एकलकोंडा वायू आहे. त्याचा अणू सहसा कोणाशी संयोग पावत नाही. विशिष्ट तापमानाला आणि दाबाला तो अशा अवस्थेत येतो की त्याला वायू म्हणावं की द्रव, हेच सांगता येत नाही. केचपची बाटली हलवली की केचप पातळ होऊन वाहू लागतं, हे आपण पाहतो. झेनॉनसारखा साधा पदार्थही त्या अवस्थेत ढवळला तर असाच पातळ होईल, असं सिद्धान्त सांगत होता, पण तो कोणी प्रत्यक्ष मोजला नव्हता. पृथ्वीवर हे नीट मोजता येत नाही, कारण त्या अवस्थेतला वायू स्वतःच्याच वजनाने तळाशी दबतो. म्हणून प्रयोग अंतराळात केला होता. मोजमापांचा काही भाग उड्डाण चालू असतानाच रेडिओवरून खाली आला होता. बाकीचा प्रयोगाच्या हार्ड डिस्कवर होता.

ती डिस्क काही महिन्यांनी, एका कोरड्या पडलेल्या तळ्यात, इतर भंगाराबरोबर सापडली. ती डिस्क म्हणून ओळखणंही कठीण होतं. एक करपलेला, वितळलेला गोळाच तो. कडेचं सील जळून गेल्याने माती आत शिरली होती. मिनेसोटातल्या ऑनट्रॅक या माहिती सोडवणाऱ्या कंपनीकडे ती पाठवण्यात आली. त्यांच्या अभियंत्याने आतल्या तबकड्या बाहेर काढल्या, रसायनाने धुतल्या आणि नव्या डबीत बसवल्या. मग त्या वाचून पाहिल्या. ९९ टक्के माहिती परत आली. प्रयोगाचा निष्कर्ष एप्रिल २००८मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ई' या शोधपत्रिकेत छापून आला. झेनॉन खरोखरच ढवळल्यावर पातळ होत होता.

हे कसं शक्य झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. पहिली गोष्ट म्हणजे तबकड्या वाकल्या नव्हत्या. दुसरी गोष्ट उष्णतेची. कुठलाही चुंबक ठरावीक तापमानापलीकडे तापवला की आपलं चुंबकत्व हरवून बसतो. त्या तापमानाला पिएर क्युरी यांचं नाव दिलेलं आहे. डबी वितळली तरी आतल्या तबकड्या तिथवर तापल्या नव्हत्या. तिसरी गोष्ट म्हणजे प्रयोगाचा संगणक जुन्या डॉसवर चालत होता. डॉसने माहिती डिस्कभर विखरून न टाकता एका बाजूला सलग लिहिली होती. डिस्क, जिची क्षमता ५०० एमबीसुद्धा नव्हती, निम्मीच भरलेली होती, आणि तिच्या ज्या भागाला इजा झाली तिथे काही लिहिलेलंच नव्हतं. नशीब म्हणा. यानातल्या आणखी दोन डिस्कही सापडल्या होत्या. त्यांतून काहीच मिळालं नाही. पण या एकीपुरतं बोलायचं तर, ६० किलोमीटरवरून आगीतून पडलेली डिस्क वाचता आली, कारण तिच्यावर नंतर कोणी काही लिहिलं नव्हतं. माती तिच्यात गेली, नांगर गेला नाही.

याच्या उलट घडलेली गोष्ट त्याच संस्थेची, म्हणजे नासाची आहे. ती हार्ड डिस्कची नसून चुंबकीय फितींची आहे, पण लेप त्याच जातीचा आणि तत्त्व तेच.

जुलै १९६९मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला. त्याचं चित्र आपण पुष्कळदा पाहिलेलं आहे. ते भुतासारखं पुसट का दिसतं? चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला दहाच चित्रं पाठवत होता आणि ती नेहमीच्या टीव्हीवर दाखवता येत नव्हती. म्हणून कॅलिफोर्नियातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या केंद्रांवर ती एका पडद्यावर उमटवून, त्या पडद्यासमोर दुसरा टीव्ही कॅमेरा धरून जगाला दाखवली गेली. मूळ चित्र त्याहून बरंच स्वच्छ होतं. ते थेट मोठ्या फितींवर नोंदवलं जात होतं.

काही निवृत्त अभियंते आणि नासाची मंडळी या फितींचा शोध कित्येक वर्षं घेत होती. २००९मध्ये नासाने आपला अहवाल जाहीर केला. फिती चोरीला गेल्या नव्हत्या, जळल्या नव्हत्या, पाण्यात भिजल्या नव्हत्या. नंतरच्या वर्षांत उपग्रहांकडून येणाऱ्या माहितीसाठी फितींचा तुटवडा पडला, तेव्हा जुन्या फिती साफ करून पुन्हा वापरण्यात आल्या आणि त्यांत याही बहुधा गेल्या, असा निष्कर्ष निघाला. यात कोणी दुष्ट नव्हतं. फिती महाग होत्या. प्रक्षेपण झालं होतं, चित्रं जगाने पाहिली होती, काम संपलं होतं. भांडारातल्या कोणा नेमस्त माणसाने आपलं काम चोख केलं होतं. माझ्या पुतण्यासारखंच. पुढे टीव्ही केंद्रांकडे असलेल्या प्रतींवर संस्कार करून चित्र जितकं सुधारता येईल तितकं सुधारण्यात आलं. मूळ मात्र गेलं.

आणि आता तिसरी गोष्ट, पुन्हा चंद्राचीच. माणूस उतरवण्याआधी जागा पाहून ठेवण्यासाठी १९६६ आणि १९६७मध्ये नासाने लूनर ऑर्बिटर नावाची पाच यानं चंद्राभोवती पाठवली होती. त्यांनी काढलेली चित्रं सुमारे १५०० फितींवर होती. या फितींवरही पुसण्याची वेळ आली होती. त्या नॅन्सी इव्हान्स नावाच्या एका बाईंमुळे वाचल्या. त्या नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करत. त्यांनी फिती फेकू दिल्या नाहीत. शिवाय त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची अवजड यंत्रं, जी कधीच कालबाह्य झाली होती, मिळवली आणि कित्येक वर्षं स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये सांभाळली. गॅरेजमध्ये गाडीऐवजी कपाटाएवढी यंत्रं! शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना काय म्हटलं असेल याची कल्पना आपल्याला करता येईल.

२००८मध्ये डेनिस विंगो आणि कीथ काउइंग या दोघांच्या पुढाकाराने ती यंत्रं कॅलिफोर्नियात नासाच्याच एम्स संशोधन केंद्राच्या आवारातल्या, बंद पडलेल्या मॅकडोनाल्डच्या खाणावळीत मांडण्यात आली. जुने भाग शोधून, दुरुस्त करून यंत्रं चालू झाली. नोव्हेंबर २००८मध्ये पहिलं चित्र बाहेर आलं. चंद्राच्या क्षितिजावर उगवलेली पृथ्वी, ऑगस्ट १९६६मध्ये टिपलेली. १९६६ सालच्या छापील चित्रात जे तपशील कोणाला दिसले नव्हते ते या चित्रात स्वच्छ दिसत होते. चार दशकं फितीवर होतेच ते.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. आगीतून पडलेलं वाचलं, गॅरेजमध्ये धूळ खात पडलेलं वाचलं, आणि थंड, कोरड्या भांडारात शिस्तीने ठेवलेलं गेलं. फरक एवढाच की त्याच्यावर पुन्हा लिहिलं गेलं.

तुम्ही म्हणाल, पण पुन्हा लिहिलेल्याखालचंही वाचता येतं ना? लहानपणी ओल्या फडक्याने पुसलेली पाटी वाळली की जुनं अक्षर पुसटसं वर येई. खरं आहे. आणि याचं जगप्रसिद्ध उदाहरणही आहे. आर्किमिडीजचे काही ग्रंथ दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये चामड्याच्या पानांवर उतरवले गेले. १२२९ साली एका धर्मगुरूने तीच पानं खरवडून, आडवी फिरवून, त्यांवर प्रार्थना लिहिल्या. चामडं महाग होतं. कारण तेच, फितींचं. १९०६मध्ये डेन्मार्कचे विद्वान हायबर्ग यांनी प्रार्थनांखालचा आर्किमिडीज ओळखला. मधल्या काळात पोथी नाहीशी झाली, आणि १९९८मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २० लाख डॉलरना विकली गेली. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात तिच्यावर दहा वर्षं काम चाललं. वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात पानांची छायाचित्रं घेतली गेली. शेवटी स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांखाली जुन्या शाईतलं लोह चमकलं आणि जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथलीही अक्षरं उमटली.

मग जे चामड्यावर जमलं ते डिस्कवर का जमू नये? डिस्कवरही लोहच आहे की! मीही तेव्हा असाच विचार केला होता. पण फरक मोठा आहे. पोथीत जुनी शाई हा एक पदार्थ आहे. खरवडली तरी तिचे कण चामड्यात मुरलेले राहतात आणि नवी शाई त्यांच्यावर बसते. तिथे दोन थर आहेत. डिस्कवर थर एकच. नवं लिहायला नवे कण येत नाहीत. तेच जुने कण तोंड फिरवतात. आधी ते कुठे पाहत होते, याची आठवण त्यांच्यापाशी उरत नाही.

याबद्दल बराच काळ वाद होता. १९९६मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाच्या पीटर गुटमन यांनी एक निबंध वाचला. त्या काळच्या डिस्कचं हेड दर वेळी नेमकं त्याच रेषेवरून जात नसे. बैल थोडे इकडेतिकडे झाले की नांगराच्या दोन तासांमध्ये जुन्या जमिनीची एक कड शिल्लक राहते, तसं काहीसं. ती कड अतिसूक्ष्म चुंबकीय यंत्राखाली कदाचित वाचता येईल, म्हणून गुप्त माहिती पुसायची तर वेगवेगळ्या प्रकारांनी ३५ वेळा लिहावं, अशी पद्धत त्यांनी मांडली. लोकांनी त्याचा मंत्रच केला. कुठलीही डिस्क असो, ३५ आवर्तनं! अशा सरसकट आवर्तनांना अर्थ नाही, हे पुढे खुद्द गुटमन यांनीच लिहिलं.

कारण डिस्क बदलली होती. १९५६च्या त्या पहिल्या डिस्कवर एका चौरस इंचात दोन हजार बिट मावत. आता हा आकडा एक लाख कोटींच्या घरात आहे. तास इतके चिकटून आलेत की मधे बांध घालायलाही जागा नाही, कड कुठली उरायला? डिसेंबर २००८मध्ये आपल्याच हैदराबादला भरलेल्या माहिती सुरक्षेच्या परिषदेत तिघा संशोधकांनी हे प्रत्यक्ष मोजून मांडलं. एकदा वर लिहिलेल्या, वापरातल्या डिस्कवर खालचा एखादा बिट ओळखणं हे नाणेफेकीपेक्षा थोडंसंच बरं निघालं. समजा, दहांत सहा वेळा बरोबर येतं. इंग्रजी एका अक्षराला आठ बिट लागतात. आठही बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोनसुद्धा नाही. आणि दहा अक्षरी शब्द हवा असेल तर सोडूनच द्या.

तेव्हा जुन्या डिस्कपुरता हिशेब सरळ आहे. चुकून काही पुसलं गेलं तर पहिलं काम म्हणजे थांबणं. यंत्र बंद करा. शोधाशोध करणारा प्रोग्रॅम घाईघाईने त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नका, कारण उतरवणं म्हणजेही लिहिणंच. जाणकाराकडे नेऊन आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून घ्या आणि काय ते प्रयोग प्रतीवर करा. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये फिरती तबकडी नसते, चिपवरची साठवण असते. तिथे तर नाव खोडल्यावर थोड्याच वेळात यंत्र आपणहून जमीन रिकामी करून ठेवतं, म्हणजे पुढचं लिहिणं जलद व्हावं. तिथे उभ्या पिकाचा भरवसा धरता येत नाही. आधीच दुसरीकडे प्रत असणं, हाच काय तो उपाय. वडिलांच्या आवाजाची दुसरी प्रत मी काढली नव्हती, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. एका सीडीचं काम होतं.

त्या तरुणाने दोन दिवस डिस्क ठेवून घेतली. पाचपैकी दोन फाइली सबंध मिळाल्या. दोन गेल्या. तिसऱ्या फाइलीची सुरुवात त्याला सापडली होती. तिथून पुढची जागा सलग तिचीच असणार असं धरून त्याने ती जोडली आणि मला ऐकवली. वडील सांगतायत की लकडी पुलावरून पाणी गेलं असं ओरडत कोणी गल्लीतून पळत आलं, आम्ही वरच्या मजल्यावर होतो आणि आई म्हणाली, आधी...

आणि तिथे मधूनच, कडव्याच्या अर्ध्यात, सिनेमाचं गाणं सुरू होतं. नांगर तिथवर आला होता.

आजीने आधी काय घ्यायला किंवा काय करायला सांगितलं, ते मी आत्याला विचारलं. ती तेव्हा सासरी होती, तिला माहीत नाही. बाकी त्या घरातलं आता कोणी नाही. ती फाइल मी आहे तशीच ठेवली आहे, गाण्यासकट, तीन ठिकाणी. पुतण्याला ती अजून ऐकवलेली नाही. आणि त्या तरुणाने बिल दोनच फाइलींचं लावलं होतं.